विरुद्ध पक्ष : पांडुरंग, राहणार आसगाव

या माउली, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तेव्हा पुराणातले राजे उभे करतात. माझ्या आख्यानात राजा नाही. पवनी तालुक्यातल्या आसगावचा एक निवृत्त कारकून आहे, आणि त्याच्या हातून साक्षात पांडुरंगावर अर्ज कसा दाखल झाला, ते मी तुम्हाला सांगणार आहे. हसू आलं तर हसा. पण सगळं हसू एकदम खर्चू नका.

नत्थूजींनी बत्तीस वर्षं कारकुनी केली. त्या बत्तीस वर्षांत त्यांची श्रद्धा दोन ठिकाणी पक्की बसली होती. एक पांडुरंगावर, आणि दुसरी भरलेल्या रकान्यावर. अर्जातला रकाना रिकामा सोडणं म्हणजे नैवेद्याच्या पानावर मीठ न वाढणं, असं ते म्हणत. लोक त्यांना हसत, पण त्यांनी भरलेला अर्ज कधी परत आला नाही, हेही गाव जाणून होतं.

कोरोनाची लाट ओसरल्यावर तालुक्याला गरिबांसाठी मोफत कायद्याची मदत मोबाईलवरून द्यायचं ठरलं. गावोगावचे स्वयंसेवक नेमले गेले. नत्थूजी भंडाऱ्याला दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आले ते गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र घालूनच. मग ते ओळखपत्र बाजारात गेलं, पंगतीत बसलं, भजनात टाळाबरोबर हललं.

"अवो, आंघोळीले तरी काढत जा," त्यांच्या पत्नी मंदाबाई म्हणाल्या.

"सेवा आहे ही. सेवेले सुट्टी नसते."

सेवा घ्यायला मात्र कोणी येईना. पहिल्या तीन महिन्यांत एकानं रिचार्ज मारून मागितला, एकानं गॅसचा नंबर लावून घेतला, आणि एका बाईनं नवऱ्याची दारू 'वरून बटन दाबून' बंद करता येईल का असं विचारलं. नत्थूजींनी प्रत्येकाची वहीत नोंद केली आणि 'अधिकारक्षेत्राबाहेर' असा शेरा मारला. मन दुखावलं होतं. पण शेरा मारल्यावर माणसाला थोडं बरं वाटतं.

आणि मग एका दुपारी शेजारची रुखमा आली.

रुखमा छपन्न वर्षांची. लाखांदूरकडे दिली होती. चार वर्षांत कपाळ मोकळं झालं आणि ती माहेरी परतली. तेव्हापासून थोरल्या भावाच्या, भय्याजीच्या घरात, पश्चिमेकडच्या खोलीत राहत होती. रोवणा असो की कापणी, भावाच्या धानाच्या बांधीत सगळ्यात आधी वाकणारी तीच. भय्याजी वाईट माणूस नव्हता, हे आताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मनात त्याला मिशा लावाल. तो मंदिरात पखवाज वाजवायचा, आणि असा वाजवायचा की बुवांनी चाल चुकवली तरी हा सांभाळून घ्यायचा. पण मागल्या वर्षी म्हातारा बाप गेला, सातबाऱ्यावर बहीणभावाची दोघांची नावं चढली, आणि दर कागदाला रुखमाची सही लागू लागली. कोणीतरी सल्ला दिला की बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या, मोकळे व्हा. साऱ्या गावात बहिणी असंच सोडून देतात. पुढचा सोमवार ठरला होता. पवनीला जायचं, सही करायची.

रुखमा ओसरीच्या कडेला बसली. पाय खालीच.

"नत्थूभाऊ, एक विचाराचं होतं. पण दादाले माहीत नाही झालं पायजे."

"हे ओळखपत्र पाह्य," नत्थूजी म्हणाले. "यात गुप्तता आहे. माझ्या तोंडून शब्द जाणार नाही. पांडुरंगाची आण."

"सही केल्यावर... मी त्या खोलीत राहीन ना? नाही, दादा काही म्हणत नाही. पण परवा सुनबाईनं खोलीत टेप लावला. लांबी मोजली, रुंदी मोजली. मी तिथंच बसली होती. मले म्हणे, आत्याबाई, जरा पाय घ्या."

नत्थूजी ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळत राहिले. मग त्यांनी मोबाईल काढला, चष्मा पुसला आणि अर्ज उघडला.

अर्जदाराचं नाव. झालं. वय, पत्ता, झालं. नंबर रुखमाकडे नव्हता, तो नत्थूजींनी आपला टाकला. 'आपली विनंती' या रकान्यात त्यांनी एका बोटानं, पाऊण तास लावून, लिहिलं: 'सही केल्यावर राहायला जागा राहील काय, एवढंच विचारायचं आहे.' पुढे रकाना आला: 'विरुद्ध पक्षाचे नाव.' बाजूला लाल चांदणी.

"इथं भय्याजीचं नाव टाकतो."

रुखमा उभीच राहिली. "काहून? दादा माझ्या विरुद्ध आहे का?"

"तसं नाही वो. रीत आहे. कोणीतरी विरुद्ध लागतेच."

"माझ्या विरुद्ध कोणी नाही. चार वर्षांत नवरा नेला त्यानं नेला, लेकरू नाही देलं त्यानं नाही देलं. विरुद्ध असलाच त तोच एक आहे. माणसाचं नाव कायले टाकता?" तिनं मंदिराच्या कळसाकडे हात केला, आणि पदर सावरून निघून गेली.

आता बघा, तुम्ही-मी असतो तर मोबाईल बाजूला ठेवून चहा प्यालो असतो. पण नत्थूजींपुढे रिकामा रकाना होता. तो सोडून पुढे जाता येईना, मागे जावं तर पाऊण तासाचं टंकन पुसलं जाई. दादाचं नाव टाकावं तर बाईचा विश्वास मोडतो. खोटं नाव टाकावं तर कारकुनी बाटते. राहिलं एकच नाव, जे अर्जदारानं स्वतःच्या तोंडानं दिलं होतं. नत्थूजींनी डोळे मिटले, हात जोडले, आणि लिहिलं: 'पांडुरंग.' पत्ता: 'विठ्ठल मंदिर, आसगाव.' वयाच्या रकान्यात दोनच आकडे मावत होते. त्यांनी अठ्ठावीस लिहिलं; युगं लिहायला जागा नव्हती. मोबाईल नंबरासाठी मात्र विचार करावा लागला नाही. अभिषेकाच्या पावतीसाठी मंदिराच्या भिंतीवर रंगवलेला होता, तो टाकला.

अर्ज गेला. हिरवी खूण आली. नत्थूजींना वाटलं, एखादी वकीलबाई फोन करेल, चार शब्द सांगेल, संपलं.

भिंतीवरचा तो नंबर मंदिर समितीचे अध्यक्ष टेकचंदजी यांचा होता. दोन दिवसांनी ते जेवायला बसले असताना फोन वाजला. कान जरा मंद, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर. पलीकडे कचेरीतली कोणी नवी मुलगी होती. तिच्यापुढे 'रुखमा विरुद्ध पांडुरंग' असा कागद, दोघांचा पत्ता आसगाव. तिनं आपला जो समज व्हायचा तो करून घेतला.

"पांडुरंगजींचा नंबर ना? रुखमाबाईंनी तुमच्याबद्दल अर्ज दिलाय. तुम्ही त्यांना नांदवायला तयार आहात का?"

टेकचंदजींच्या हातातला घास ताटात पडला. समोर वाढायला बेबीबाई उभ्या होत्या. त्या घरात लग्न होऊन आल्या त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती.

"कोन रुखमा?" बेबीबाईंनी शांतपणे विचारलं. माउली, बाईमाणूस शांतपणे विचारतं तेव्हा फार सांभाळून उत्तर द्यायचं असतं. टेकचंदजी घाबरून म्हणाले, "कोनती म्हणतेस?" त्या दिवशी त्यांचं ताट तसंच राहिलं.

संध्याकाळपर्यंत नोटीसही मोबाईलवर आली. ती सभामंडपात मोठ्यानं वाचली गेली. शनिवारी सकाळी अकराला, व्हिडीओ कॉलवर, उभय पक्षांनी समेटासाठी हजर राहावे.

"काय गा नत्थू, हे काय करून ठेवलंस?" टेकचंदजींनी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "साक्षात देवावर केस! अन् नंबर माझा!"

"मी फक्त रकाना भरला," नत्थूजी म्हणाले.

"रुखमीचं देवाशी काय भांडण आहे? मंदिराची जागा पायजे का तिले?"

इथं नत्थूजींनी तोंड उघडलं असतं तर सुटका होती. पण आण घातली होती, आणि जिची आण घातली ती मूर्ती समोरच उभी होती. "गुप्त आहे," एवढंच ते म्हणाले. मग गावानं आपापली उत्तरं काढली. एक म्हणे, मंदिरामागच्या परसावर डोळा आहे. दुसरा म्हणे, देवाची बाजू मांडायला नागपूरचा वकील आणा. एका म्हातारबांनी तर फार गंभीरपणे सांगितलं की देवीचं अन् देवाचं रुसणं जुनंच आहे, आपण मध्ये पडू नये.

समितीनं ठराव केला आणि नत्थूजींची टाळकऱ्यांतली पहिल्या ओळीतली जागा काढून घेतली. एकोणीस वर्षांची जागा. चपला ठेवतात त्या खांबाजवळ त्यांना बसवलं. ते बसले. हातातला टाळ त्या दिवशी वाजवायचा की नाही ते ठरेना, म्हणून मांडीवर धरून बसले. आणि ओळखपत्र, माउली, पहिल्यांदाच सदऱ्याच्या आत गेलं.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं तालुक्याला गेले, अर्ज मागे घ्यायला. कचेरीतल्या बाबूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मागे घेता येते. विरुद्ध पक्षाची ना-हरकत आणा."

"विरुद्ध पक्ष देव आहे जी."

बाबूनं त्यांच्याकडे पाहिलं. कचेरीत बसून माणूस पुष्कळ काही ऐकतो. "मग शनिवारी हजर राहा, मॅडमला सांगा. हजर नाही राहिले तर कागदावर 'विरुद्ध पक्ष गैरहजर' असं पडते."

हे नत्थूजींनी गावात येऊन सांगितलं आणि टेकचंदजींचा चेहरा पालटला. आपल्या गावचा देव गैरहजर? जो जागचा हलला नाही तो सरकारी कागदावर गैरहजर? हे होऊ द्यायचं नाही. देवाच्या वतीनं कोणीतरी बसलं पाहिजे. कोण बसणार? बोलायला खणखणीत, देवळात जुना, आणि आपल्याच बहिणीला चार शब्द सुनावू शकेल असा माणूस एकच होता. ठराव झाला: विरुद्ध पक्षातर्फे भय्याजी.

भय्याजी तेव्हा नुसता धुमसत होता. तीस वर्षं जिला घरात ठेवलं तिनं गावात मान खाली घालायला लावली. घरी त्यानं रुखमाला विचारलं, "काय मागून राहिलीस देवाले?"

"देवाचं अन् माझं आहे ते, दादा."

"ठीक. हा तमाशा शनिवारी उरकतो. सोमवारी सहीले चाल. मंग पाहू पुढचं."

'मंग पाहू पुढचं' हे शब्द रुखमानं भिंतीपलीकडे उभ्या मंदाबाईंना सांगितले, मंदाबाईंनी नत्थूजींना. त्या दिवशी नत्थूजींनी जेवण अर्धं सोडलं. आपण एका बाईची खोली वाचवायला गेलो आणि तिच्या पायाखालची ओसरीही काढली, असं त्यांना वाटलं. ते देवासमोर जाऊन उभे राहिले. क्षमा मागायची होती. पण विरुद्ध पक्षाशी सुनावणीआधी बोलावं की नाही, हे शिक्षणात शिकवलं नव्हतं. नुसता नमस्कार करून परत आले.

शनिवार उजाडला. सभामंडप भरला. मोबाईल बुवांच्या पुस्तकाच्या तिवईवर उभा केला. येणारा प्रत्येक जण सवयीनं घंटा वाजवी, आणि दर घंटेला मोबाईलमधून आवाज येई, "काय म्हणालात?" शेवटी टेकचंदजींनी घंटेला उपरणं बांधलं.

पडद्यावर हर्षा वकील दिसल्या. अड्याळच्या, पस्तिशीच्या, आवाज हळू. मागे भिंतीवर बुद्धाची मूर्ती. पुढच्या बायकांनी आधी तिला हात जोडले, मग वकीलबाईंना. हर्षाताईंनीही हात जोडले.

"विरुद्ध पक्षातर्फे कोण?"

"मी, भय्याजी. समितीचा ठराव आहे."

"अर्जदार रुखमाबाई आहेत? बसा ताई. खुर्ची घ्या." रुखमा खालीच बसली. कोपऱ्यात नत्थूजी घामानं भिजले होते. ते उठले, "मॅडम, एक निवेदन," म्हणाले, आणि तेवढ्यात चित्र थिजलं. हर्षाताईंचं तोंड अर्धं उघडं. टेकचंदजींनी नत्थूजींना खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. चित्र पुन्हा हललं तेव्हा हर्षाताई अर्ज वाचत होत्या.

"विनंती एकच ओळीची आहे. 'सही केल्यावर राहायला जागा राहील काय, एवढंच विचारायचं आहे.' तर विरुद्ध पक्षानं सांगावं. यांनी सही केली, तर यांना राहायला जागा राहील का?"

सभामंडपात कोणाला काही कळलं नाही. कसली सही, कसली जागा? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कळलं ते एकट्या भय्याजीला. त्याचे हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले. त्यानं आधी मोबाईलकडे पाहिलं, मग मागे वळून मूर्तीकडे, मग बहिणीकडे. रुखमाची मान खाली.

"रुखमे," तो म्हणाला. "हे तू मले काहून नाही विचारलं?"

"विचारलं असतं त तू उत्तर देलं असतंस, दादा," रुखमा म्हणाली. "मंग ते मले ऐका लागलं असतं."

उपरण्यात बांधलेली घंटा वाऱ्यानं हलली, आवाज झाला नाही. बेबीबाईंनी पदर तोंडाला लावला. विरुद्ध पक्ष खरा कोण, ते हर्षाताईंना आता उमजलं होतं. पण त्यांनी नाव दुरुस्त केलं नाही. हळूच एवढंच म्हणाल्या, "ताई, कायद्याचं मी सांगते. सही करायची तुमच्यावर सक्ती नाही. ती एकदा झाली की सहज परत फिरत नाही. वडिलांच्या घरात तुमचा हिस्सा आहे, तो कोणी दिलेला नाही, आहेच. आता विरुद्ध पक्ष काय म्हणतो ते लिहून घेते. बोला भय्याजी. तुम्ही कोणाच्या वतीनं बसला आहात ते आठवून बोला."

भय्याजीनं पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. देवाच्या वतीनं 'जागा नाही' असं कोण म्हणेल? त्या तोंडानं तो शब्द निघत नाही. आणि स्वतःच्या वतीनं काय म्हणणार होता, ते बहिणीला आधीच ठाऊक होतं. हेच त्याला आता सहन होईना.

"लिहा," तो म्हणाला. "जागा आहे."

"मोघम लिहिता येत नाही. कुठली जागा?"

"पश्चिमेकडची खोली."

"चतुःसीमा सांगा. पश्चिमेस?"

"गोठा."

"उत्तरेस?"

"चिचेचं झाड. बापानं लावलं ते."

"दक्षिणेस?"

"रस्ता."

"पूर्वेस?"

भय्याजीनं उपरण्यानं तोंड पुसलं, दोनदा.

"पूर्वेले मी आहो जी," तो म्हणाला.

हर्षाताईंनी ते तसंच लिहून घेतलं.

सोमवारी पवनीची गाडी वेळेवर आली. थांब्यावर थांबली, कंडक्टरनं इकडेतिकडे पाहिलं, घंटी दिली, गाडी गेली. भय्याजीच्या घरून कोणी चढलं नाही. सुनबाई दोन दिवस अबोल होती. तिसऱ्या दिवशी ती आत्याबाईंच्या खोलीत पाटा-वरवंटा मागायला गेली आणि तिथंच वाटत बसली. कागदाचं म्हणाल तर कचेरीच्या नोंदीत आजही तेच आहे: रुखमा विरुद्ध पांडुरंग, उभयपक्षी समेट, विरुद्ध पक्षाने विनंती मान्य केली. नत्थूजींना पहिली ओळ मिळायला पुढचा सप्ताह उजाडावा लागला. ठराव मागे घ्यायलाही बैठक लागते, आणि बैठकीला संख्या भरत नव्हती. ते खांबाजवळ चपला सांभाळत बसले, आणि तिथून टाळ वाजवला.

तर माउली, आख्यान इथं थांबवतो. तुमच्याही घरी कधी असा कागद येईल, टिकली एवढी जागा दाखवून कोणी म्हणेल, इथं ताईची सही घ्या. घ्या किंवा घेऊ नका, ते तुमचं तुम्ही पाहा. पण तिच्या हातात पेन देण्याआधी एवढं करा माझ्यासाठी: आसगावच्या रुखमाला आठवा, आणि तिनं विचारायच्या आधी तुम्हीच सांगून टाका.